मॅडम, चर्चगेट कुठल्या साईडला?

सध्या फोन वाजला की समजायचं, पोलीस भरतीचंच काहीतरी असणार. २०२५ च्या भरतीचे फॉर्म सुटले, १५ हजारांच्या वर जागा निघाल्या, तेव्हापासून गावातल्या पोरी, शेजारच्या गावातल्या पोरी, मावशीच्या नणंदेची पोरगी, सगळ्यांचे मेसेज एकाच साच्यातले. ताई मुंबईचा फॉर्म टाकू का. ताई मुंबईचं मेरिट किती लागंल. ताई तुझा गोळा किती गेलता. मी सांगते सगळ्यांना, ८०० मीटरला २० मार्क, १०० मीटरला १५, गोळ्याला १५, असे मैदानीचे ५० आणि लेखीचे १००, माझं टायमिंग सांगते, पुस्तकांचे फोटो पाठवते. पण आजपर्यंत एकीनंही विचारलं नाही की ताई, सिलेक्शन झाल्यावर तिथं राहायचं कुठं आणि पहिल्या दिवशी करायचं काय. म्हणजे मी तरी कुणाला कुठं विचारलं होतं.

माझी भरती २०२२ ची. तेव्हा राज्यात शिपायाच्या जवळपास १५ हजार जागा आणि त्यातल्या ७ हजारांवर एकट्या मुंबईला. एका पदासाठी एकाच घटकाचा, म्हणजे एकाच जिल्ह्याच्या नाहीतर शहराच्या पोलीस दलाचा फॉर्म भरता येतो, त्यामुळं अभ्यासिकेत आठवडाभर हाच विषय, कोण कुठं टाकणार. आमच्या लातूरला जागा मोजक्या. सर म्हणले, आधी खाकी अंगावर घे, बदलीचं मागनं बघू. (हे "मागनं बघू" किती वर्षांचं असतं ते आत आल्यावर कळतं.) तर मी मुंबई निवडली ती अशी, की नेट कॅफेतल्या पोरानं विचारलं घटक कोणता, मी म्हणलं मुंबई, त्यानं क्लिक केलं, पुढचा नंबर कुणाचा म्हणून ओरडला. बस एवढंच.

तयारीचं फार सांगत नाही, सगळ्यांची सारखीच असते. गावापासून फाट्यापर्यंत डांबरी आहे, त्याच्यावर पहाटे पाचला पळायचे, अंधार असायचा आणि कुत्री लई, म्हणून आण्णा मागून मोटारसायकलवर पहिल्या गिअरमध्ये लाईट दाखवत यायचे. माझी सावली माझ्यापुढं लांबच्या लांब पळायची. पेट्रोल किती जाळलं असंल देव जाणे, सोयाबीनला भाव नव्हता त्या वर्षी.

मैदानीला आणि लेखीला मुंबईला येऊन गेले होते, पण ती मुंबई धरायची नाही. सरांच्या मागं मागं वीस पोरी, रात्री ग्राउंडबाहेर फुटपाथवर चादर टाकायची, बॅग उशाला, पहाटे आत, संध्याकाळी परतीची गाडी. शहर बघितलंच नाही. मग सिलेक्शन, मेडिकल, ट्रेनिंग. ट्रेनिंगमध्ये रडले, वजन उतरलं, ड्रिलमध्ये "दाहिने मूड" ला डावीकडं वळून उस्तादांच्या शिव्या खाल्ल्या, आणि तिथंच आयुष्यातल्या सगळ्यात जिवलग मैत्रिणी भेटल्या. तिथं सगळं शिकवतात. रायफल उघडायला, सलामी द्यायला, पंचनामा लिहायला. आयपीसीची कलमं तर झोपेतून उठवून विचारली तरी सांगायचो.

आणि मुंबईत रुजू व्हायचा मुहूर्त बघा. २९ जून २०२४, शनिवार, लातूरवरून रात्रीची मुंबईची गाडी. म्हणजे वर्ल्डकपची फायनल. डब्यात एकजण पण झोपलेला नाही, एका मोबाईलवर आठ डोकी. मुरूड गेलं आणि रेंज पण गेली, नेमकी शेवटच्या ओव्हरला. सगळा डबा शांत. मग ढोकीच्या आसपास कुणाचा तरी फोन लागला आणि पलीकडच्या डब्यातून आधी आरोळी आली, मग आमच्या. सूर्याचा तो कॅच आम्ही अर्ध्या तासानं बघितला. माझ्या सीटखाली ट्रेनिंगची काळी पेटी, त्यात युनिफॉर्म, आणि मांडीवर आईनं दिलेली पिशवी, धपाटे, शेंगाची चटणी, येसर. एका काकांनी विचारलं पोरी कुठं चाललीस, मी म्हणलं पोलीस झालेय, मुंबईला. काका म्हणले, अरे वा, मग आता तुमच्याच जिवावर झोपतो, पेटीकडं लक्ष ठेवा. आणि खरंच झोपले, मी रात्रभर त्यांच्या पेटीवर लक्ष ठेवत बसले.

दादरला उतरले. जायचं होतं जवळच नायगावला, म्हणजे दादरच्या ईस्टला. माझा एक चुलतभाऊ आधी मुंबईत कामाला होता, त्यानं वहीच्या पानावर लिहून दिलं होतं, "८ नंबरच्या बाजूनं बाहेर पड, ती ईस्ट." मी इमानदारीत पेटी घेऊन जिने चढून ८ नंबर शोधला. आता झालं असं की दादरच्या प्लॅटफॉर्मचे नंबर २०२३ च्या डिसेंबरात बदललेत. आधी वेस्टर्नला वेगळे आणि सेंट्रलला वेगळे नंबर होते, आता वेस्टर्नचे १ ते ७ आणि पुढं सेंट्रलचे ८ ते १४. म्हणजे भावाच्या वेळचा ८ आता १४ झालेला, आणि आत्ताचा ८ बरोबर उलट्या टोकाला. पुलावर पेटी टेकवून उभी राहिले. रविवार सकाळ, तरी गर्दी. कुणाला विचारावं तर लाज वाटायली, म्हणलं पोलिसानंच रस्ता विचारायचा होय. शेवटी एका फुलवालीला विचारलं. ती म्हणली, "ईस्ट ना? मग इथं काय करतेस?"

ईस्ट-वेस्ट हे मुंबईचं पहिलं गणित. आमच्याकडं पत्ता म्हणजे मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी, पाटलाचा वाडा. इथं आधी लाईन सांगायची, मग स्टेशन, मग ईस्ट का वेस्ट, मग पुढचं. आणि स्टेशनला पण दोन-दोन नावं, बोर्डावर प्रभादेवी आणि माणसाच्या तोंडात एल्फिन्स्टन.

दुसऱ्या दिवशी १ जुलै. त्या दिवसापासून आयपीसी गेली आणि नवीन कायदे लागू झाले. म्हणजे एवढं घोकून घोकून खुनाचं ३०२ पाठ केलेलं, ते झालं १०३. चोरीचं ३७९ होतं ते ३०३. चारशेवीस म्हणून आपण आयुष्यभर माणसांना ओळखलं, ते आता ३१८. आमची सगळी बॅच एकमेकींकडं बघायली. एक सीनियर हवालदार म्हणले, काळजी करू नका, आज आम्ही पण तुमच्यासारखेच नवीन. त्या वाक्यानं फार बरं वाटलं होतं.

आणि ४ जुलैला मरीन ड्राईव्ह.

टीम इंडियाची मिरवणूक, नरिमन पॉईंटवरून वानखेडेपर्यंत, उघड्या बसमधून. मुंबईत येऊन माझा पाचवा दिवस. दुपारी आम्हाला नेऊन उभं केलं तेव्हा रस्ता मोकळा होता. संध्याकाळपर्यंत असं झालं की रस्ता दिसतच नव्हता, नुसती डोकी. मी तोपर्यंत समुद्र कधीच बघितला नव्हता. आणि बघायला मिळाला तर कसा, तर पाठीमागं. बंदोबस्तात तोंड गर्दीकडं असतं. कठड्याला पाठ, मागून नुसता आवाज यायचा, धप्प धप्प, मधेच मानेवर पाणी उडायचं. दोन-तीनदा चोरून वळून बघितलं तर पावसाळ्याचा मातकट, आपल्या ओढ्याला पूर आल्यावर असतो तसाच रंग, फक्त पलीकडचा काठ नाही.

तेवढ्यात एकजण, बायको आणि दोन लेकरं सोबत, "मॅडम, चर्चगेट कुठल्या साईडला?" मला चर्चगेट हे नाव माहीत होतं, पण कुठल्या साईडला हे मला काय माहीत. अंगात खाकी, हातात काठी, माहीत नाही म्हणायला जीभ वळंना. मी पूर्ण आत्मविश्वासानं हात केला. चौपाटीकडं. ती बिचारी माणसं लेकरं खांद्यावर घेऊन गर्दी कापत त्या दिशेला गेली. पाऊण तासानं तोच माणूस परत, शर्ट भिजून चिंब, एक लेकरू झोपलेलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. काही बोलला नाही. नुसता पुढं गेला, बरोबर दिशेला. तो दोन शब्द बोलला असता तर बरं झालं असतं.

माझ्या शेजारी एक हवालदार मॅडम होत्या, वीस वर्षं नोकरी झालेल्या, त्यांनी सगळं बघितलं होतं. हसल्या नाहीत. म्हणल्या, "हे बघ, समुद्राकडं पाठ करून उभी राहा. उजव्या हाताला चर्चगेट, डाव्या हाताला चौपाटी. आणि माहीत नसलं की सांगायचं, पुढच्या पोलिसाला विचारा. पुढचा पण हेच सांगतो." रात्री उशिरा गर्दी ओसरली तेव्हा सगळीकडं चपला. हजारोंनी. एकेक पायातली. म्हणलं घरी गेली कशी ही माणसं.

आता खोलीचं. सुरुवातीला बॅरेकमध्ये होतो, पण कायमचं काहीतरी बघायला पाहिजे म्हणून आम्ही तिघी बॅचमेट निघालो. आणि तिथं कळलं की माणसाला रात्री दोनला पोलीस लागतो पण भाडेकरू म्हणून चालत नाही. फोनवर सगळं ठरायचं, मग ब्रोकर विचारणार, मॅडम जॉब कुठं. पोलीस म्हणलं की दोन सेकंद गप्प. "मॅडम, मालकाचा भाऊ येणाराय राहायला." प्रत्येक मालकाला भाऊ आणि प्रत्येकाचा भाऊ त्याच महिन्यात येणारा. एकानं तोंडावर सांगितलं, वकील आणि पोलीस सोडून कुणीही आणा, एकदा शिरले की निघत नाहीत म्हणे. मूळ पगार २१,७०० पासून सुरू, त्यात गावाकडं पाठवायचे, आणि डिपॉझिट मागणार ५० हजार. शेवटी कळव्याला खारेगावात एक मावशी भेटल्या, त्यांचा हिशोब उलटा, "पोलीस हाव ना, मग बरंच, चोर तरी यायचा नाय." वन रूम किचन, १२ हजार, तिघीत चार-चार. तिघींच्या ड्युट्या वेगळ्या त्यामुळं तिघी एकदम घरात असं महिन्यातून दोनदा. व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव आहे "डाळ संपली".

कळव्याला फास्ट लोकल थांबत नाही, एवढं खोली घेताना कुणी सांगत नाही. स्लोमध्ये ठाण्यापर्यंत उभं, पुढं नशीब. युनिफॉर्म मी बॅगेत नेते, ते एका दिवसाच्या अनुभवानंतर. एकदा घालूनच चढले लेडीज डब्यात, तर चौथ्या सीटवरून दोघींचं लागलेलं होतं, मला बघितल्याबरोबर दोघी एकदम, "मॅडम, तुम्हीच सांगा." आता यात कुठलं कलम लावू? मी म्हणलं दोघी अर्धा-अर्धा रस्ता बसा. तर तिसरीच बसली.

भाषेचं पण सांगते. आमचं करायलीस, जायलीस, बसायलीस ऐकून आधी सगळे हसायचे. आई फोनवर मोठ्यानं विचारायची "काय करायलीस?" आणि स्पीकरवर असला की पोरी पुढं आठवडाभर तेच म्हणायच्या. हिंदी तर टीव्हीवर शिकलेली. गणपतीत चौपाटीवर ओल्या वाळूत पब्लिकला मी ओरडत होते, "घसरेगा, घसरेगा, पीछे रहो." सगळ्यांना समजत होतं, हे विशेष.

एक गोष्ट मात्र भरतीवाल्या पोरींना मी हमखास सांगते, न विचारता. बंदोबस्त दहा-बारा तास चालतो आणि रस्त्यावर बाईमाणसाला जायची सोय नसते. मग आपण काय करतो, पाणीच पीत नाही. मी पण तेच केलं, सप्टेंबरात ताप आला, जळजळ, डॉक्टर बाई म्हणल्या दिवसाला पाणी किती पितेस, मी म्हणलं ड्युटीला अर्धी बाटली. त्या नुसत्या बघत राहिल्या. तेव्हापासून पॉईंट, म्हणजे ड्युटीला उभं राहायची जागा, मिळाला की पहिलं काम, आसपास कुठलं हॉस्पिटल, कुठलं दुकान, कुठल्या सोसायटीचा वॉचमन चांगला, ते शोधून ठेवायचं. सीनियर मॅडम लोकांकडं सगळ्या मुंबईचा हा नकाशा तोंडपाठ असतो. कुठल्या ॲपवर नाही मिळणार. मला जे रस्ते पाठ झालेत त्यातले अर्धे त्यामुळंच.

त्या वर्षी सगळं एकामागं एक आलं. ७ सप्टेंबरला गणपती बसले, १७ ला विसर्जन, १८ ला ईदचा जुलूस, साप्ताहिक सुट्टी हा शब्द विसरूनच गेलो. दिवाळीत निवडणुकीची आचारसंहिता, २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल, ५ डिसेंबरला आझाद मैदानावर शपथविधी. आणि दुसऱ्याच दिवशी ६ डिसेंबर, चैत्यभूमी.

मला शिवाजी पार्कच्या बाजूला पॉईंट होता. आदल्या रात्रीपासून माणसं येत होती, पार्कभर पथाऱ्या, पांढऱ्या साड्या, पुस्तकांचे स्टॉल, कुणी भाकरीचं गाठोडं सोडून जेवायला बसलेलं. आणि मुंबईत आल्यापासून पहिल्यांदा माझ्या कानावर माझी भाषा आली. एकीकडून नाही, सगळीकडून. नांदेडचे, परभणीचे, हिंगोलीचे, उदगीरचे. "कुणीकडून जायलाव बे", "पान्याची टाकी कुटं हाय". मी नुसती उभी राहून ऐकत होते, खरं सांगायचं तर त्या दिवशी ड्युटीकडं थोडं दुर्लक्षच झालं.

दुपारी एक आज्जी आली, हातात पिशवी, पिशवीत बाबासाहेबांचा नवा फोटो कागदात गुंडाळलेला. "बाई, दादर टेशन कुणीकडं हाय?" मी हात करून सांगितलं, "ह्या रानडे रोडनं सरळ जावा, माय. वळू नका कुठं. आणि गाडी सेंट्रलची असंल तर आठच्या पुढचे फलाट, जुने नंबर कुणी सांगितले तर ऐकू नका."

आज्जी जागची हलली नाही. "लातूरकडली हाईस का गं तू?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"जावा म्हणलीस की."

मग झालं, ती तिथंच उभी. गाव कुठलं, मामाचं गाव कुठलं, लग्न झालं का, पगार किती, आई-बाप काय करतेत. मग हळूच मुद्द्यावर आली. नात बारावीला आहे, पळती चांगली, तिला भरतीला लावायचीय, उंची किती लागती. मी म्हणलं बायांना १५५ सेंटिमीटर. सेंटिमीटर तिला कळंना. मी स्वतः १५७. म्हणलं, "आज्जी, माझ्यापेक्षा एक बोट कमी असली तरी चालती." तर आज्जीनं पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, माझ्याजवळ येऊन माझी टोपी काढायला लावली, आणि हाताचा पंजा माझ्या डोक्यावर आडवा ठेवून तसाच सरळ स्वतःकडं नेला. तिच्या डोक्यावरून हात बराच वर गेला. "माझ्यापेक्षा चार बोटं उंच हाय ती," असं म्हणून बोटं मोजली, पुन्हा एकदा मोजली. मागं लाईन थांबलेली, माझे साहेब लांबून बघायलेत, मी टोपी हातात धरून उभी. "बसती की," म्हणली आज्जी आणि चपला घालून रानडे रोडनं सरळ गेली. नाव विचारायचं राहून गेलं नातीचं.

त्या दिवसानंतर ठरवलं की येळवसला घरी जायचंच. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी सगळं शहर बंद आणि सगळी माणसं शेतात. दिवाळीला नाही गेलं तर आई एकवेळ चालवून घेती, येळवसला नाही. आता २०२४ ला ती आली ३० डिसेंबरला. आणि ३१ डिसेंबरला मुंबईत पोलिसानं रजा मागायची म्हणजे वेडच. हजेरी मास्तर कोकणातले, अर्ज बघून म्हणले, "ही येळवस काय असते? कॅलेंडरवर तर सोमवती अमावस्या लिहिलीय." मी सगळं सांगितलं, कडब्याची कोप म्हणजे खोपटं करतात, त्यात दगडाचे पांडव मांडतात, भज्जी, आंबील, उंडे. ते म्हणले, भजी खायला लातूरला? मी म्हणलं भजी नाही सर, भज्जी, सगळ्या भाज्या आणि डाळी एकत्र शिजवलेली. बराच वेळ गेला हा फरक समजावण्यात. शेवटी एक दिवस दिला, ३१ ला सकाळी हजर पाहिजे या बोलीवर.

तर २९ ला रात्री गाडीत, ३० ला सकाळी लातूर. थंडी मरणाची. स्टेशनबाहेर रिक्षावाला, "कुठं जायचं ताई?" झोपेतच होते, तोंडातून निघालं, "दादा, ईस्टला का वेस्टला पडतं हो बसस्टँड?" त्यानं मला वरून खालून बघितलं. "मुंबईहून आलाव व्हय?" आणि वीस रुपये जास्त सांगितले.

दिवस शेतात गेला. आण्णांनी कोपीभोवती पाणी शिंपडलं, आईनं वाढलं, मी बांधावरच एक तास झोपले, उठले तेव्हा तुरीत ऊन तिरपं झालेलं. रात्री परतीची गाडी. आईनं स्टीलच्या डब्यात भज्जी दिली, झाकणाला दोरी बांधून.

३१ ला सकाळी दादरला उतरून सरळ हजेरीला. मास्तरांनी घड्याळ बघितलं, सही घेतली. मी डबा टेबलावर ठेवला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, बोटानं चाटून बघितली, मग डबा सरळ ड्रॉवरमध्ये गेला. म्हणले, पुढच्या वर्षी अर्जाला हे जोडूनच देत जा.